मारकडांच्या भिंतीवरची घोडी

बिरूतात्या मारकडांचं घर सापडलं नाही, अशी तक्रार आजवर एकाही पाहुण्याने केली नव्हती. ते फक्त घरातल्याच एका माणसाला सापडत नसे, आणि तो माणूस म्हणजे तात्यांचे वडील, म्हस्कू आबा.

पाहुण्यांचं काम सोपं होतं. बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसायचं. लासुर्णं जवळ आलं की कंडक्टर आपणहून दोरी ओढायचा आणि म्हणायचा, "चला, सायकल." उतरलं की समोर तात्यांच्या घराची रस्त्याकडची भिंत, भिंतीवर हत्तीएवढी सायकल, सायकलवर पटकेवाला शेतकरी, मागे दुधाचे कॅन आणि हँडलला भाकरीचं फडकं. एक्क्याण्णव साली नवरंग कॉलनीत घर उभं राहिलं तेव्हा तात्यांचा सगळा जीव स्लॅबमध्येच खर्ची पडला होता. भिंतीला रंग कुठून द्यायचा या विवंचनेत ते असतानाच सायकल कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, भिंत आम्हाला द्या, रंगाचं आम्ही बघतो. तात्या वालचंदनगरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला हेडक्लार्क होते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, एवढं नोकरीने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी चहा थंड होईपर्यंत विचार केला आणि मग उपकार केल्यासारखं हो म्हटलं.

पुढे सायकल फिकी पडली आणि तिच्या जागी मोपेड आली. मोपेडवर अख्खा संसार होता. पुढे नवरा, मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेली बायको, मधे दाबून बसवलेलं पोर, पायापाशी बाजाराची पिशवी. कंडक्टर दुसऱ्या दिवसापासून "चला, मोपेड" म्हणायला लागला. लग्नपत्रिकाही 'मारकडसाहेब, मोपेडची भिंत' अशा पत्त्यावर बिनचूक येऊ लागल्या. दारावर तात्यांनी हौसेने काळ्या दगडात नाव कोरून घेतलं होतं, बिरूदेव म्हस्कू मारकड. ते नाव पोस्टमननेसुद्धा कधी वाचलं नाही, याचं तात्यांना मनातून फार लागायचं.

दोन्ही चित्रं इंदापूरच्या भानुदास पेंटरांची. चाक काढावं तर भानुदास पेंटरांनीच. भिंतीत एक खिळा ठोकायचा, त्याला सुतळी बांधायची, सुतळीच्या टोकाला खडू धरायचा आणि बोलता बोलता हात गोल फिरवायचा. काम झाल्यावर ते खिळा उपटत नसत. पुढच्या वेळी लागंल म्हणत. सायकलचं पुढचं चाक आणि मोपेडचं पुढचं चाक त्या एकाच खिळ्याभोवती फिरलेलं होतं. चित्राखाली ते आपली सही इतकी मोठी करत, की परगावचे लोक 'भानुदास' हेच गाडीचं नाव समजत.

आता आबांना घर का सापडत नसे, ते सांगायला हवं. आबांच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. शंभर मेंढरांतलं आपलं कोकरू ते पाठमोरं ओळखत. इथून कोकणात उतरेपर्यंत कुठल्या ओढ्याला कुठल्या महिन्यात पाणी असतं, हे त्यांना अजून पाठ होतं. पण नवरंग कॉलनीतली सगळी घरं एकाच ओव्हरसियरने एकाच कागदावरून काढलेली. नाव नवरंग, आणि झाडून सगळी घरं पिवळी. तेच जिने, त्याच टाक्या, तीच लोखंडी फाटकं. खुद्द तात्या एकदा कामावरून दमून शेजारच्या संभाजीरावांच्या घरात शिरले होते, खुर्चीत बसून त्यांनी बूट काढले होते आणि चहा मागितला होता. चहा आलाही. अर्धा पिऊन झाल्यावर साखर जास्त वाटली म्हणून त्यांनी मान वर केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. तिथे आबांची काय कथा.

मेंढरं विकल्यावर आबा लेकाकडे आले ते एक गाठोडं घेऊन. ते त्यांनी दाराशी ठेवलं, आणि इतक्या वर्षांत ते तिथून हललं नाही. रात्री त्यातलं घोंगडं तेवढं काढायचं, अंथरायचं, सकाळी पुन्हा घडी करून गाठोड्यात बांधायचं. तात्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला. आबांनी तो नीट पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि गाठोड्याची गाठ जरा घट्ट केली. सारजाबाईंना ते दृश्य रोज सकाळी बघवत नसे. "मामंजी अजून पाव्हणेच हायत आपल्याकडं," त्या तात्यांना म्हणत. तात्या पेपर वर धरत, कारण त्यांनाही तेच वाटायचं आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

आबा सकाळी कालव्याच्या कडेने निघत, दिवसभर कुणाची ना कुणाची मेंढरं बघत आणि दिवस मावळायला भिंतीवरच्या सायकलच्या, पुढे मोपेडच्या खुणेने परत येत. हे असं अठ्ठ्याण्णव सालापर्यंत सुरळीत चाललं. त्या साली बारामतीत रविराज नावाच्या तरुण माणसाने मोटारसायकलची एजन्सी काढली आणि त्याची नजर मारकडांच्या भिंतीवर पडली. तात्यांनी या खेपेलाही चहा थंड होऊ दिला आणि मग हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी भानुदास पेंटरांनी मोपेडवर चुन्याचा हात मारला आणि भिंत वाळायला सोडून ते इंदापूरला निघून गेले.

त्या संध्याकाळी आबा घराला ओलांडून सरळ पुढे गेले.

दिवे लागले तरी म्हातारा आला नाही म्हटल्यावर तात्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. रस्त्याला उसाच्या गाड्या, त्यांना दिवे नाहीत, ट्रकवाल्यांना दयामाया नाही. तात्यांनी स्कूटर काढली. संभाजीराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. म्हातारी माणसं नेहमी उताराच्या बाजूला जातात, असं सांगून ते स्कूटरच्या मागे बसले आणि तात्यांना बारामतीच्या दिशेने बरंच लांब घेऊन गेले. आबा उलट्या बाजूला, जंक्शन नावाच्या गावात, एका हॉटेलाच्या बाकावर सापडले. शांतपणे बसले होते. त्यांनी तात्यांकडे पाहिलं आणि तक्रारीचा सूर न लावता सांगितलं, की सायकल गेली, मोपेडही गेली, तेव्हा मारकड बिऱ्हाड उठवून पुढच्या मुक्कामाला गेले असणार असं समजून ते वाटेला लागले होते.

आता परत जायचं कसं? जे चारा खात नाही त्याच्यावर बसायचं नाही, हा आबांचा नेम. त्यामुळे आबा पुढे चालत, मागून हेडक्लार्क मारकड स्कूटर ढकलत आणि त्यांच्या मागे संभाजीराव स्कूटर ढकलण्याची योग्य पद्धत सांगत, अशी वरात लासुर्ण्यापर्यंत आली. समोरून सेकंड शिफ्टची बस गेली. अख्ख्या टाइम ऑफिसने खिडकीतून साहेबांना हात केले.

जेवताना सारजाबाईंनी विचारलं, "मामंजी, रानात मुक्काम रोज बदलायचा. मग सांजच्याला बिऱ्हाड कसं घावायचं तुमाला?"

"घोडी बघायची," आबा म्हणाले. "बायका सकाळीच घोडीवर बिऱ्हाड लादून म्होरं जायच्या. आमी मेंढरं चारत दिवसभर मागनं. दिस बुडायला टेकाडावर चढायचं आन घोडी कुठं उभी हाय ते बघायचं. आमची पाखरी पांढरी. कोसावरनं दिसायची. घोडी उभी तितं घर, दुसरं काय असतंय?"

तात्यांचा घास हातातच राहिला. पाखरी त्यांनाही आठवत होती. पाठीवर उलटी बाज, बाजेत भांडी, भांड्यांवर कोंबड्यांचा खुराडा, खुराड्याशेजारी दोन नवी कोकरं, आणि त्या सगळ्यावर बसलेला लहानगा बिरू. जग तेव्हा उंचावरून दिसायचं आणि हळूहळू हलायचं. तसं उंच नंतर ते कधीच बसले नाहीत, हेडक्लार्क झाले तेव्हासुद्धा नाही. पाखरीचा फोटो नव्हता. कुणाचाच नव्हता. त्या काळी धनगराच्या घोडीचा फोटो कोण काढणार? तात्यांना एकदम भरून आलं, आणि भरून आलं की ते ऑफिसच्या भाषेत बोलत. "भिंतीवर घोडी काढण्यात येईल," त्यांनी जाहीर केलं.

रविराजची काही हरकत नव्हती. कोपऱ्यात घोडी असली तर बिघडत नाही, जुनं आणि नवं शेजारी शेजारी शोभून दिसतं, असं तो म्हणाला. हरकत निघाली ती भानुदास पेंटरांच्या हाताची. मोटारसायकल त्यांनी झोकात काढली. जुन्या खिळ्याला सुतळी बांधून चाक फिरवलं, टाकीवर ऊन चमकवलं, वर गॉगलवाला तरुण बसवला आणि तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'सगळ्यांच्या आधी!' मग घोडी काढायला घेतली आणि दुपारपर्यंत भिंतीवर एक जनावर तयार झालं. पाय बाजेच्या खुरांसारखे सरळ, पोट रांजणासारखं, आणि चेहऱ्यावर तलाठ्याला भेटायला आल्यासारखा भाव. कॉलनी जमली. कुणी गाढव म्हणालं, कुणी म्हशीच्या बाजूने बोललं. संध्याकाळी आबा आले आणि कुणाची शेळी सुटलीय म्हणून चौकशी करत पुढे चालू लागले. सारजाबाई फाटकात उभ्या होत्या म्हणून बरं, त्यांनी आबांना हाताला धरून आत आणलं.

भानुदास पेंटर मनाला लावून घेणारे होते. त्यांनी ब्रश डब्यात टाकला. "तात्या, आयुष्यभर मी चाकं काढली. चाक फसवत न्हाय, खिळा मारला की गोल येतंय. पाय कुठं मोडतो ते बघितल्याबिगर कसं कळायचं? मला घोडी दावा."

पण अठ्ठ्याण्णव साली लासुर्ण्यात घोडी कुठून आणायची? मेंढकेसुद्धा आता बिऱ्हाड टेम्पोत टाकत होते. आख्ख्या टापूत घोडी म्हणाल तर इंदापूरची वरातीची, आणि ती संभाजीरावांच्या ओळखीची निघाली. संभाजीरावांच्या ओळखीचं काहीही सरळ नसतं, हे तात्यांना माहीत असायला हवं होतं. रविवारी सकाळी घोडी आली. पांढरी शुभ्र, पायात चाळ, कपाळावर आरसे. भानुदास पेंटरांनी स्टुलावर बैठक मारली. पहिली एसटी येईपर्यंत सगळं ठीक होतं. एसटीने तात्यांच्या घरासमोर सवयीप्रमाणे हॉर्न दिला आणि घोडी नाचायला लागली.

तिचा दोष नव्हता. पोटासाठी ती आयुष्यभर तेच करत आली होती. ड्रायव्हरला मौज वाटून त्याने पुन्हा हॉर्न दिला. घोडीने दोन पायांवर उभं राहून दाखवलं. मागे उसाचे ट्रॅक्टर तुंबले, त्यांनीही हॉर्न दिले, आणि प्रत्येक हॉर्नला घोडी वेगळी चाल करून दाखवू लागली. तिचा मालक चहाला गेलेला, त्यामुळे लगाम तात्यांच्या हातात. एवढ्यात निमगाव केतकीच्या लग्नाला निघालेला टेम्पो ताशे वाजवत बाजूने गेला. घोडीने कान टवकारले, ही आपली ड्यूटी असं तिच्या मनाने घेतलं, आणि ती टेम्पोच्या मागे निघाली. तात्यांनी लगाम सोडला नाही. सोडला असता तर मालकाला काय तोंड दाखवणार? ते इस्त्रीच्या पँटीत, एका पायात चप्पल घेऊन, घोडीबरोबर निमगावच्या रस्त्याने दुडक्या चालीने गेले. रस्त्याकडेच्या मळ्यांतली माणसं कामं सोडून बांधावर आली.

निमगावात मंडपाच्या दारात गेल्यावर घोडी थांबली. तिथे नवऱ्यासाठी लांबच्या गावाहून आणलेली एक घोडी आधीच उभी होती. दुसरी आलेली पाहून मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडच्यांनी थाट केला. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी केला. दोघांनीही एकमेकांना विचारणं कमीपणाचं मानलं. तात्यांना मानाचा फेटा बांधला, ओवाळलं आणि पहिल्या पंगतीला बसवलं. तात्या आपण कोण हे सांगायचा प्रयत्न करत होते, पण प्रत्येक वेळी पानात जिलबी पडायची. भानुदास पेंटर मागून मोपेडवर आले. घोडी आता हरभरे खात इतकी निवांत उभी होती, की त्यांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तिचे पाय, पाठ, वर केलेली मान, खाली घातलेली मान, सगळं मनासारखं उतरवून घेतलं आणि मग दुसऱ्या पंगतीला तेही जेवले.

दोन दिवसांत भिंतीवर जी घोडी आली तिला गाढव किंवा म्हैस म्हणायला कॉलनीत कुणी धजलं नाही. ती घोडी होतीच, आणि ती पाखरी होती. कारण बाकीचं तात्यांनी सांगितलं होतं. उलटी बाज, भांडी, खुराडा, दोन कोकरं, सगळं पाठीवर लादलेलं. रंगवताना घोडी कोपऱ्यात मात्र मावली नाही. ती वाढत वाढत मोटारसायकलच्या पुढे गेली.

इथे ग्रामसेवक आले. ते सज्जन गृहस्थ होते, पण कागदाच्या बाहेर त्यांचं पाऊल पडत नसे. मोटारसायकल ही जाहिरात आहे, तिची परवानगी घेतलेली आहे, इथपर्यंत त्यांना मान्य होतं. पण घोडी कशाची जाहिरात? ती विकायला आहे का? नाही. मग ती वाहन म्हणून काढली आहे की जनावर म्हणून? तात्यांनी सांगितलं, ती घरातली आहे. यावर ग्रामसेवकांनी बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. घरातल्या माणसाचं चित्र लावायला परवानगी लागत नाही, पण घोडीला माणूस धरावं तर उद्या कुणी मतदार यादीत नाव घाला म्हणेल. अखेर तेच वैतागून म्हणाले की घराला एखादी खूण असायला नियमाची आडकाठी नाही; नंबर कुणी पाटीवर लिहितं, कुणी फाटकावर. तुमची घोडी ही घराची खूण. एवढं बोलून ते समाधानाने चहा प्यायले.

मग रविराज आला आणि त्याचा चेहरा पडला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. वर लिहिलंय 'सगळ्यांच्या आधी' आणि पुढे चाललीय घोडी. एजन्सीत आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, घोडी मायलेज किती देते. त्याने सांगितलं, घोडी मागे घ्या, नाहीतर मी संभाजीरावांची भिंत घेतो. संभाजीराव हे ऐकून लगेच आपल्या भिंतीचं माप घ्यायला गेले. तात्या ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पाखरी कुणाच्या मागनं चालली न्हाय. भिंत दुसरी बघा." हे बोलल्यावर त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटला. मात्र मोटारसायकल पुसली तर राहिलेल्या भिंतीला रंग कोण देणार, हा विचारही त्याच दमात आला, आणि तो त्यांनी रविराज जाईपर्यंत दाबून धरला.

खरं तर हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं त्या माणसाने घोडी अजून पाहिलीच नव्हती. पाहुण्यांकडच्या कामासाठी आबा चार दिवस लाकडीला गेले होते, अर्थात पायी. त्या संध्याकाळी ते परत येणार होते. तात्या, सारजाबाई आणि भानुदास पेंटर फाटकाशी उभे राहिले. घोडीच्या पायांवर काय निकाल लागतो ते बघायला पेंटर मुद्दाम थांबले होते. कालव्याच्या बाजूने आबांचा पटका दिसला. ते येत होते, खाली बघत, काठी टेकत. भिंतीसमोर आले आणि थांबले.

त्यांनी मान वर केली. मग पुढे झाले आणि त्यांनी भिंतीवरच्या मानेवर तळवा ठेवला. "पाखरे," ते म्हणाले. तात्यांनी सारजाबाईंकडे पाहिलं. सारजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. भानुदास पेंटर आपली सही दिसावी म्हणून जरा बाजूला सरकले.

आबा घरात आले, तांब्याभर पाणी प्यायले, दाराशी गेले, गाठोडं उचललं आणि बाहेर जाऊन भिंतीपाशी घोडीच्या पायांजवळ बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भाकरी बरोबरच द्या. कुठे निघालात, विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"मला काय इचारतो? तूच घोडी लादून उभी केलीस. लादलेली घोडी म्हंजी बिऱ्हाड निघालं. कुठं निघालाय ते सांग, म्हंजी मी मागनं येतो."

तात्या खाली बसले. आबांच्या शेजारी, इस्त्रीच्या पँटीसकट. त्यांना चूक कळली आणि ती कशी झाली तेही कळलं. लहानपणी सकाळी त्यांना उचलून बिऱ्हाडावर बसवायचे, आणि घोडीच्या डुलण्याने ते वाटेतच झोपी जायचे. मुक्कामाला पोचल्यावर ओझं कधी उतरलं, घोडी मोकळी कधी झाली, चूल कधी पेटली, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या आठवणीतली पाखरी कायम लादलेली होती. आबांच्या आठवणीतली पाखरी संध्याकाळची होती, पाठ मोकळी, मान खाली. एकाच घोडीची अर्धी अर्धी आठवण बापलेकांकडे होती, आणि दोघांनी ती कधी एकमेकांना सांगितली नव्हती. धनगराच्या पोराने एवढी साधी गोष्ट विसरावी, याची तात्यांना मनापासून लाज वाटली.

"न्हाय आबा, कुठं जायचं न्हाय," तात्या म्हणाले. "मुक्काम हितंच हाय."

"मग वझं कुणी उतरायचं?" आबांनी विचारलं. "सकाळधरनं लादल्याली हाय ती."

भानुदास पेंटर रात्री तिथेच राहिले आणि उजाडल्यावर कामाला लागले. हा माणूस कलावंत होता, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्यांनी घोडीच्या पाठीवरचं सगळं पांढऱ्या रंगाने झाकलं, पाठ मोकळी केली, मान पत्रिकेवरच्या चित्राप्रमाणे खाली घातली, आणि उतरवलेलं एकेक सामान आजूबाजूला मांडलं. बाज सरळ केली. खुराड्याचं दार उघडून कोंबड्या बाहेर काढल्या. तीन दगडांची चूल मांडली. आबा शेजारी बसून सांगत होते, चूल वाऱ्याच्या तोंडाला नको, कुत्रं असं नाही तसं बसतं. संभाजीरावही काही सांगत होते, पण त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकलं नाही.

दुपारी रविराज भिंतीचा निकाल लावायला आला तो बघतच राहिला. घोडी आता कुठेही चाललेली नव्हती, त्यामुळे तिच्या पुढे की मागे हा प्रश्नच उरला नव्हता. ती पोचलेली होती. गॉगलवाला तरुण जणू दिवसभर कुठेतरी भटकून तिच्याच बिऱ्हाडावर येत होता. आता त्या तरुणाकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरायची. सायकलवाल्याकडे दुधाचे कॅन होते, मोपेडवाल्याकडे निदान बायको, पोर आणि पिशवी होती. याच्या गाडीवर काहीच नव्हतं. गाड्या जसजशा जोरात पळायला लागल्या तसतसं त्यांच्यावरचं घर उतरत गेलं होतं. रविराजने 'सगळ्यांच्या आधी' ही अक्षरं पुन्हा वाचली, घोडीकडे पाहिलं, आणि राहू दे म्हणाला. त्याची आजी बिऱ्हाडाबरोबर हिंडलेली होती, हे त्याने जाता जाता सांगितलं. कंडक्टर दुसऱ्याच दिवसापासून "चला, घोडी" म्हणायला लागला, आणि या खेपेला तात्यांना त्याचा राग आला नाही.

पण ते दुसऱ्या दिवशी. चित्र पुरं झाल्यावर आबा मेंढरांकडे गेले होते, ते त्या संध्याकाळी नेहमीसारखे कालव्याच्या बाजूने आले. लांबूनच त्यांनी काठी बगलेत धरली आणि कपाळावर हात आडवा करून पाहिलं, टेकाडावरून बघावं तसं. मग झपझप चालत आले. घोडीच्या मोकळ्या पाठीवरून हात फिरवला, घरात गेले, पुन्हा दाराशी आणून ठेवलेल्या गाठोड्यावर वाकले आणि त्याची गाठ सोडली. आत फार काही नव्हतं. कातर, लोकर कातायची चकती, देवाच्या भंडाऱ्याची पिशवी, एक जास्तीचा सदरा. सगळं त्यांनी सारजाबाईंच्या हातात दिलं. शेवटी घोंगडं उरलं. ते झटकून खांद्यावर टाकून आबा चारी भिंती न्याहाळत उभे राहिले.

"बिरू, खुंटी कुठाय रं?"

खुंटी नव्हती. सात वर्षांत कधी लागलीच नव्हती. तात्या खिळा शोधायला धावले. घरात खिळा मिळाला नाही, संभाजीरावांकडे मागायला गेलं तर आधी खिळ्यांचे प्रकार ऐकावे लागले असते. तात्या तसेच बाहेर भिंतीपाशी आले. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाच्या बरोबर मधे भानुदास पेंटरांचा खिळा होता. सायकल त्याच्याभोवती फिरून गेली होती, मोपेड फिरून गेली होती. तात्यांनी तो दगडाने हलवून उपटला, डोळे पुसले, आणि आत जाऊन आबांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठोकला. आबांनी खिळा ओढून पाहिला, आणि मग त्यावर आपलं घोंगडं टांगलं.